ताई कशी घडते?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यात शिवणकामाचे एखादे दुकान असेल. तिथे काम शिकणारा एखादा मुलगा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. पहिल्याच दिवशी उस्ताद त्याच्या हातात कात्री देत नाहीत. आधी तो बटणे लावतो, कापड धरतो आणि उस्तादांचा हात कसा चालतो ते पाहतो. काही महिन्यांनी त्याला मशीनवर सरळ शिलाई मारायला मिळते. कापड कापण्याची पाळी मात्र सगळ्यांत शेवटी येते. कारण शिलाई चुकली तर उसवता येते. चुकीचे कापलेले कापड पुन्हा पहिल्यासारखे होत नाही.

असे काम करता करता काम शिकण्याला मराठीत 'उमेदवारी' म्हणतात. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? उर्दूत तुम्ही ज्याला 'उम्मीद' म्हणता, तीच मराठीतली 'उमेद'. ज्याच्या मनात काही होण्याची उमेद आहे, तो उमेदवार.

आता सांगा, तीन-चार वर्षांच्या मुलांना सांभाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या ताईलाही अशी उमेदवारी करावी लागत असेल का? पुष्कळांना वाटते, "त्यात काय शिकायचे? गाणी म्हणायची, खाऊ द्यायचा आणि दुपारी मुलांना घरी पाठवायचे. झाले!" ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे, हे आपण या पाठात पाहू.

लहान मुलांचे शिक्षण हे एक शास्त्र आहे, हे जगाला पटवून देणाऱ्यांत इटलीच्या डॉ. मारिया मॉंटेसरी यांचे नाव मोठे आहे. त्यांनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत मुलांसाठी 'बालगृह' सुरू केले. मूल हाताने काम करत, आपल्या गतीने शिकते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या देशात गुजरातमधील भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. गिजुभाई वकील होते. वकिली सोडून ते लहान मुलांत रमले. लोक त्यांना कौतुकाने 'मिशांची आई' म्हणत. या गिजुभाईंबरोबर काम करून एका मराठी बाईंनी ही विद्या आत्मसात केली. त्यांचे नाव ताराबाई मोडक. या मंडळींनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला.

पुढे ताराबाई महाराष्ट्रात आल्या. १९४५ साली त्यांनी मुंबईच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या बोर्डी या गावी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ नावाच्या शिक्षिका त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीत बालवाडी निघाली. पण गावाबाहेरच्या गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात. आता काय करावे? ताराबाईंनी साधा उपाय काढला. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे! त्या आणि अनुताई वस्तीत गेल्या. तिथल्याच एका अंगणात त्यांनी मुलांना गोळा केले. त्यांनी मुलांचे हातपाय धुतले, केस विंचरले, त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि खेळ मांडले. अंगणात भरते म्हणून ती 'अंगणवाडी'. मॉंटेसरींची शिक्षण-साधने महाग होती. म्हणून या दोघींनी शंख, शिंपले, खडे, पाने आणि बिया यांची साधने केली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये वाढले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी देशात तिचे ३३ प्रकल्प होते. आज खेडोपाडी आणि शहरांच्या वस्त्यांत अंगणवाड्या आहेत. नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूर जिल्ह्यातल्या औसा-उदगीरपर्यंत कोठेही जा, तुम्हांला अंगणवाडी दिसेल. तुमच्यापैकी कित्येक जण स्वतः तिथे बसून खिचडी खाल्लेले असतील.

समजा, तुमची आपा बारावी झाली. तुमच्याच वस्तीतल्या अंगणवाडीत सेविका म्हणून तिची निवड झाली. आता तिचे प्रशिक्षण सुरू होईल. सेविकांच्या प्रशिक्षणाचा काळ वेळोवेळी बदलत गेला आहे. एके काळी तो तीन महिन्यांचा होता. पुढे तो कमी करून सव्वीस दिवसांचा झाला. प्रशिक्षणात वर्गातले पाठ असतात. बालकाची वाढ, आहार, लसीकरण, नोंदवह्या असे अनेक विषय असतात. परंतु खरी विद्या मिळते ती चालू अंगणवाडीत, अनुभवी ताईंच्या शेजारी बसून. चला, आपणही आपाबरोबर जाऊ.

सकाळची वेळ आहे. दारात तीन वर्षांचा एक मुलगा रडत उभा आहे. त्याचा आज पहिलाच दिवस. तो हुंदके देत म्हणतो, "अम्मी कने जाना!" आपा पटकन पुढे होते आणि त्याला उचलून आत आणू लागते. तो आणखीनच मोठ्याने रडतो. अनुभवी ताई मात्र उचलण्याची घाई करत नाहीत. त्या त्याच्यासमोर खाली बसतात. आता त्यांचे डोळे मुलाच्या डोळ्यांसमोर येतात. त्या त्याच्या आईला म्हणतात, "भाभी, तुम्ही थोडा वेळ इथेच बसा." मग हळूच एक रंगीत चेंडू त्याच्याकडे घरंगळत सोडतात. मुलगा रडता रडता चेंडूकडे पाहतो. दहा मिनिटांनी तो चेंडू परत ढकलतो. त्यानंतर आई त्याला सांगून, त्याचा निरोप घेऊन जाते. नजर चुकवून ती पळून जात नाही.

आपाचा पहिला धडा इथे झाला. मोठे माणूस उभे राहून बोलले की लहान मुलाला ते डोंगराएवढे वाटते. म्हणून खाली बसावे. आई गुपचूप निघून गेली तर मुलाला फसवल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी ते आईचा पदर अधिकच घट्ट धरते. म्हणून निरोप घेऊनच जावे. या गोष्टी पुस्तकात दोन ओळींत लिहिता येतात. पण रडणारे मूल समोर असताना त्या आठवायला सराव लागतो.

दुसरा धडा भाषेचा. तुम्हांला ठाऊकच आहे की १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. आपल्याकडे अनेक भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू ऐकू येते, निलंगा-उदगीरकडे कन्नड. तांड्यावर बंजारा बोली असते आणि मोहल्ल्यात दखनी. लहान मूल घरून आपलीच बोली घेऊन येते. त्या मुलाने "पानी होना" म्हटले, तर ज्यांना दखनी येत नाही त्या ताई क्षणभर गोंधळतात. 'होना' म्हणजे 'पाहिजे', हे आपाला मात्र लगेच कळते. मुलाला पाणी मिळते आणि त्याचा ताईंवर विश्वास बसतो.

विचार करा, मित्रांनो. तीन वर्षांच्या मुलाला तहान लागली आहे, पोटात दुखते आहे किंवा लघवीला जायचे आहे. ते सांगते आहे; पण कोणाला समजत नाही. अशा मुलाला कोणी 'हे बोलतच नाही' किंवा 'हे मंद आहे' असे म्हटले, तर तो केवढा अन्याय होईल! मूल हुशार असते. फक्त त्याचे शब्द ऐकणाऱ्याला माहीत नसतात. म्हणून चांगली ताई मुलाची बोली आधी शिकते आणि मग त्याला नवी भाषा देते.

हे काम वाटते तेवढे अवघड नाही. दखनीतला 'नक्को' हा मराठीतल्या 'नको'पासूनच आला आहे. अंगणवाडीतली मुलांची 'हजेरी', भिंतीवरचा 'तक्ता', मुलाचे 'वजन' आणि त्याला न्यायचा 'दवाखाना' हे मराठी शब्द तुम्ही उर्दूतूनही ओळखता. 'कागद' आणि 'रंग' यांनाही भाषांतर लागत नाही. आपा मुलांना चेंडू दाखवून आधी 'गेंद' म्हणते, मग 'चेंडू' म्हणते. मुले दोन्ही शब्द खेळता खेळता उचलतात. एक भाषा शिकवण्यासाठी दुसरी पुसावी लागत नाही.

तिसरा धडा हाताचा. मुलांच्या काही पालकांना घाई असते. "आमच्या मुलीला अजून लिहिता येत नाही. पाटीवर अलिफ-बे तरी गिरवून घ्या, नाही तर क-ख-ग घ्या," असे ते म्हणतात. आपालाही वाटते, लिहायला लावले की पालक खूश होतील. ताई तिला समजावून सांगतात, "आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. वर्षांमागून वर्षे ती हळूहळू टणक होतात. तीन वर्षांच्या हाताला पेन्सिल घट्ट धरून बारीक अक्षरे काढायला लावले की हात दुखतो आणि मुलाला लिहिण्याचाच कंटाळा येतो."

मग हाताला काम कोणते द्यायचे? माती मळणे, कागद फाडून चिकटवणे, दोरीत मोठे मणी ओवणे, वाळूत बोटाने रेघोट्या ओढणे. लातूरच्या बाजारात तूर आणि सोयाबीन यांचे ढीग लागतात. त्याच तुरीचे आणि सोयाबीनचे मूठ-मूठ दाणे एका ताटात मिसळायचे आणि मुलांना निवडायला सांगायचे. लाल दाणे एका वाटीत, पिवळे दुसऱ्या वाटीत. यात बोटांना वळण लागते, नजर तयार होते आणि सारखे काय, वेगळे काय, हेही समजते. गणिताची सुरुवात इथूनच होते. पण सावध! तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती असे दाणे द्यायचे नाहीत. ते दाणा नाकात किंवा कानात घालतात. घशात अडकला तर जिवावर बेतते. मोठी मुलेही दाणे निवडत असताना ताईंनी जागेवरून उठायचे नाही. खेळ मांडणे हे अर्धे काम आहे. खेळावर नजर ठेवणे हे उरलेले अर्धे.

चौथा धडा वजनकाट्याचा. अंगणवाडीत प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंद करतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांचा दंडघेरही एका पट्टीने मोजतात. दंडघेर म्हणजे कोपर आणि खांदा यांच्या मध्यावर दंडाचा घेर. तो साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित आहे असे समजतात आणि त्याला ताबडतोब आरोग्य केंद्रात दाखवतात. पट्टी फार आवळली तर चांगले मूल आजारी ठरेल. ती सैल ठेवली तर आजारी मूल चांगले ठरेल आणि त्याला औषधपाणी मिळणार नाही. कापडाची शिलाई उसवता येते. ही चूक उसवता येत नाही. म्हणूनच ताई आपाकडून एकाच मुलाचा दंडघेर पुन्हा पुन्हा मोजून घेतात.

पाचवा धडा पाण्याचा. खाऊच्या आधी सगळ्यांचे हात साबणाने धुतले पाहिजेत. पण पाणी कमी असेल तर? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेगाडीने पाणी आणावे लागले होते, हे तुम्ही मोठ्यांकडून ऐकले असेल. अशा भागात आपा भरलेल्या बादलीत सगळ्यांना हात बुडवू देत नाही, कारण एकाच्या हाताचे जंतू सर्वांच्या हाताला लागतात. ती तांब्याने बारीक धार धरते. मुले रांगेने येतात, साबण चोळतात आणि धारेखाली हात धुतात. सांडलेले पाणी दारातल्या झाडाला जाते.

सहावा धडा सर्वांत कठीण. तो म्हणजे मूल जे बोलत नाही, ते ओळखणे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. तुमच्या आजी-आजोबांना ती पहाट अजून आठवत असेल. मोठी माणसे आपले दुःख बोलून दाखवतात. लहान मुलाजवळ तेवढे शब्द नसतात. ते अचानक गप्प होते, अंथरूण ओले करते, इतर मुलांना मारते किंवा एकच चित्र पुन्हा पुन्हा काढते. भूकंपच व्हायला हवा असे नाही. घरातले भांडण, वडिलांचा आजार, ऊसतोडीसाठी दूर गेलेले आईबाप यांचीही सावली मुलावर पडते. नवखी सेविका म्हणते, "हा मुलगा वात्रट झाला आहे." अनुभवी ताई विचारतात, "याच्या घरी काय झाले असेल?" मग त्या त्याच्या घरी भेट देतात. 'वात्रट' म्हणण्यापासून 'काय झाले असेल' असे विचारण्यापर्यंत जो येतो, त्याची उमेदवारी पूर्ण होत आली असे समजावे.

पाहिलेत ना, या सहाही धड्यांत शिकवण्याइतकेच पाहणे आणि ऐकणे आहे? म्हणूनच हे काम नुसत्या व्याख्यानांनी येत नाही.

आता आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती तुमच्या फायद्याची आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२३ सालच्या नियमांप्रमाणे अंगणवाडी सेविका होण्यासाठी उमेदवार स्त्री किमान बारावी उत्तीर्ण असावी लागते आणि त्याच भागात राहणारी असावी लागते. ज्या अंगणवाडीत निम्म्यापेक्षा जास्त मुले मराठीहून वेगळी भाषा बोलतात, तिथे सेविकेला मराठीखेरीज ती भाषाही लिहिता-वाचता आली पाहिजे, अशी अट आहे. या भाषांत उर्दू आहे. म्हणजे मोहल्ल्यातल्या अंगणवाडीला अशी ताई हवी असते, जिला मुलाशी उर्दूत बोलता येईल आणि नोंदवही मराठीत लिहिता येईल. जिला फक्त उर्दू येते ती नोंदवहीपाशी अडते. जिला फक्त मराठी येते ती मुलापाशी अडते. तुम्ही आज हा मराठीचा पाठ वाचत आहात, तो केवळ परीक्षेच्या गुणांसाठी नाही, हे ध्यानात ठेवा.

या कामाची दुसरी बाजूही तुम्हांला माहीत असावी. सेविकेला मिळणाऱ्या मोबदल्याला पगार न म्हणता 'मानधन' म्हणतात. कामाच्या मानाने ते कमी आहे, असे सेविकांचे म्हणणे आहे. त्यासाठी महाराष्ट्रातल्या सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये मोठा संपही केला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान, म्हणजे काम सोडताना मिळणारी ठराविक रक्कम, मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. 'नुसती मुले सांभाळणे' असे म्हणून या कामाला हलके लेखण्याची सवय समाजाने सोडली पाहिजे.

मुलग्यांनो, "हे तर मुलींचे काम," असे तुम्ही म्हणाल. सेविकेचे पद स्त्रियांसाठी आहे, हे खरे. पण मिशांच्या आईला विसरू नका! घरातल्या लहान भावंडाशी खाली बसून बोलणे, त्याचे पुरते ऐकून घेणे, त्याच्या हातातली पेन्सिल काढून माती देणे, हे कोणालाही करता येते.

येत्या सुट्टीत एक काम करा. शिक्षकांना सांगून जवळच्या अंगणवाडीत जा. तिथल्या ताईंची परवानगी घ्या आणि एका कोपऱ्यात पंधरा मिनिटे गप्प बसा. एकाच मुलाकडे पाहा. ते कोणाशी बोलले? कोणत्या भाषेत बोलले? हाताने काय केले? कशाने हसले? मग घरी येऊन त्याविषयी पाच वाक्ये मराठीत लिहा. पाच वाक्यांत एकदाही 'हुशार' किंवा 'वात्रट' हा शब्द न येता जर तुम्ही त्या मुलाचे वर्णन केलेत, तर आपाच्या उमेदवारीचा पहिला दिवस तुमचाही झाला म्हणून समजा.